सल्ला देईल त्यानं कपबश्या धुवाव्यात

शाळा दिसायला लागली की गुरुजी लूनाचं इंजिन बंद करायचे आणि उरलेला रस्ता गाडी ढकलत यायचे. भीमाशंकरच्या बाजूच्या शाळांना हा उरलेला रस्ता बहुधा चढाचा असे. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "गाडीचा आवाज आला की शाळा सावध व्हती. सावध शाळा बघून काय करायचं राव? ती फोटोत पन दिसती."

या गनिमी काव्याचा उपयोग काहीच नव्हता. मैदानातली पोरं त्यांना लांबूनच ओळखत, धावत येत, लूनाला मागून हात लावत आणि "गुरुजी आलं, गुरुजी आलं" अशा आरोळ्या देत ती मुकी गाडी शाळेच्या दारात आणून सोडत. इंजिनानं झाला असता त्याच्या दसपट गाजावाजा व्हायचा. हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पन पोरं त्या टायमाला काय करत व्हती, ते तरी दिसतं."

गुरुजी केंद्रप्रमुख होते. नव्वदच्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळांचे लहान लहान गट पाडून प्रत्येक गटावर एक केंद्रप्रमुख नेमायला सुरुवात झाली. त्यांनी आपल्या शाळांना भेटी द्यायच्या आणि महिन्यातून एकदा सगळ्या शिक्षकांना एका शाळेत जमवून संमेलन घ्यायचं. हे पद वरच्यांना खालचं वाटतं आणि खालच्यांना वरचं. त्यामुळे ते भूषवणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ आपण कोण आहोत हे इतरांना समजावून सांगण्यात जातो. आमच्या गुरुजींनी तो खटाटोप केला नाही. त्या सुमाराला गावोगावचे गुरुजी भराभर 'सर' होत होते. यांना कुणी 'सर' म्हटलं तर ते मागं वळून बघत, आपल्यामागं कुणी उभं आहे का म्हणून.

त्यांच्या शर्टाच्या खिशात भाजके शेंगदाणे असत. हार गळ्यात पडला की तो काढून ते जवळच्या शेळीला घालत, आणि शाळेजवळ शेळी नाही असं आमच्या भागात सहसा होत नाही. 'आदर्श' हा शब्द त्यांना सोसत नसे. आदर्श शिक्षक, आदर्श शाळा, आदर्श परिपाठ. "आदर्श भितीवर टांगत्यात," ते म्हणत. "त्याच्यासंगं चहा पिता येत न्हाई."

मी तेव्हा जुन्नरजवळच्या एका डी.एड. कॉलेजात शिकवत होतो. म्हणजे लहान मुलांना कसं शिकवावं हे मोठ्या मुलांना शिकवत होतो. स्वतः लहान मुलांपुढे मी कधी उभा राहिलेलो नव्हतो. गुरुजी मला 'प्राध्यापक' म्हणत. तो शब्द ते अशा स्वरात उच्चारत, की घरी जाऊन राजीनामा लिहावा असं वाटे.

केंद्राचं संमेलन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आधी ईशस्तवन, मग स्वागतगीत, मग आलेल्या प्रत्येकाचा सत्कार, मग परिपत्रकांचं वाचन, मग एक आदर्श पाठ. आदर्श पाठात मुलांना काल पाठ करून घेतलेलं आज शिकवलं जातं आणि मागे बसलेले शिक्षक थक्क होतात. मग चहा.

गुरुजींनी यातला आदर्श पाठ काढला आणि त्या जागी फसलेला पाठ ठेवला. महिन्याभरात ज्याचा पाठ साफ फसला असेल त्यानं मुलांच्या बसायच्या पट्टीवर सगळ्यांच्या मध्ये बसायचं आणि काय झालं ते सांगायचं. पहिला प्रश्न गुरुजींचा. तो नेहमी एकच असे: "पोरं काय करत व्हती?" शिक्षक स्वतः काय करत होता हे सांगायला प्रत्येकजण उतावीळ असतो. पोरं काय करत होती हे विचारलं की माणूस थांबतो, आठवू लागतो, आणि पुष्कळदा तिथेच त्याला काहीतरी सापडतं. नंतर इतरांनीही प्रश्नच विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. जो सल्ला देईल त्यानं चहा झाल्यावर सगळ्यांच्या कपबश्या धुवायच्या. सांगणाऱ्याला शाल नाही, नारळ नाही. मूठभर शेंगदाणे.

पहिल्या वर्षी केंद्रातल्या कपबश्या फार स्वच्छ राहिल्या असं म्हणतात. एक वयस्क मुख्याध्यापक होते, त्यांना सल्ला दिल्याशिवाय जेवण पचत नसे. ते पुढे पुढे संमेलनाला येतानाच बाह्या दुमडून येत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक तरुण शिक्षक सांगत होता. दिशा शिकवताना त्यानं नकाशा भिंतीवर टांगला, आणि उत्तर कुठे विचारल्यावर सगळ्या वर्गानं बोट छताकडे दाखवलं. मी म्हणालो, "इथं खरं म्हणजे नकाशा जमिनीवर अंथरायला हवा होता."

कुणीतरी हसू दाबलं.

"प्राध्यापक," गुरुजी प्रेमानं म्हणाले, "हौद मागच्या अंगाला हाय."

मला वाटलं हात धुवायला सांगताहेत.

कुणीच पुढे आलं नाही तर गुरुजी स्वतःचा फसलेला पाठ सांगायचे. तो त्या सगळ्यांना तोंडपाठ होता, तरी ते ऐकत. केंद्रप्रमुख व्हायच्या आधी ते धरणाच्या पाण्याकाठच्या एका शाळेवर होते. तिथं त्यांनी समुद्र शिकवला. खडूनं फळाभर लाटा काढल्या, जहाज काढलं, मिठाचा खडा प्रत्येकाच्या जिभेवर ठेवला. वर्ग नुसता डोळे विस्फारून बसलेला. शेवटी "काय ईचारायचंय का?" म्हटल्यावर एका मुलानं विचारलं, "गुरुजी, पल्याडच्या काठाला कंचं गाव?"

"म्हंजी त्यानं समद्या तासात धरान बघितलं," गुरुजी सांगत. "आनि त्याच्या पल्याड त्याच्या मामाचं गाव. मी आपला त्याला मीठ चाटवतोय."

हा किस्सा सांगताना ते हसत नसत. मला वाटतं त्या मुलाला बरोबर उत्तर काय द्यायला हवं होतं, हे त्यांना अजून सापडलं नव्हतं. ते काही फार चांगले शिक्षक नव्हते, आणि हे ते स्वतःच सांगत. भूगोल त्यांना येत नसे, गाताना सूर लागत नसे, अक्षर वाईट. "चांगला मास्तर असतो तर ह्ये सुचलंच नसतं," असं त्यांचं म्हणणं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्यातल्या एका संस्थेनं शिक्षकांच्या व्यावसायिक शिक्षणावर संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, भाग घेतला. शिक्षक नोकरीत असताना एकमेकांकडून कसे शिकतात, याचा निरनिराळ्या देशांतल्या मंडळींनी वर्षभर अभ्यास करायचा होता. जुन्नर-आंबेगावच्या भागासाठी त्यांनी मला सहकारी म्हणून नेमलं. मला इंग्रजी येत होतं आणि माझ्याकडे स्कूटर होती. निवड समितीला दुसरी पात्रता अधिक महत्त्वाची वाटली असावी.

मी फसलेल्या पाठाबद्दल सांगितल्यावर पुण्याच्या मंडळींनी गुरुजींना सुरुवातीच्या कार्यशाळेला बोलावलं. थंडगार हॉटेल होतं. प्रत्येकाला गळ्यात अडकवायला नावाची पाटी मिळाली. गुरुजींनी ती खिशात शेंगदाण्यांशेजारी ठेवली.

"बेल्ह्याच्या बाजारात बैलाच्या गळ्यात बी नाव न्हाई बांधत," ते मला म्हणाले. "नुसता घुंगरू."

तिथे दिवसभर 'चिंतनशील शिक्षक' या विषयावर बोलणं झालं. शिक्षकानं आपल्या कामाकडे परत परत वळून पाहावं, असा एकूण मथितार्थ. मी गुरुजींच्या कानात भाषांतर करत होतो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "म्हंजी रवंथ."

पलीकडे एक पाहुण्या बाई बसल्या होत्या, कुठल्याशा थंड देशातल्या विद्यापीठातल्या. उंच, पिकलेले केस, चपला काढून मांडी घालून खुर्चीत बसलेल्या. हे काय म्हणाले, असं त्यांनी मला विचारलं. गाय आधी चरते, मग सावलीत बसून तेच परत चावते, तसं, असं मी सांगितलं. बाई खूप हसल्या. पुढच्या महिन्यात जाळ्यातून जी टिपणं आली त्यांत रवंथ ही एक संकल्पना झाली होती आणि तिची आकृतीही होती. एक वर्तुळ आणि त्यावर बाण. माझा अनुभव असा आहे की विद्वानांना एखादी गोष्ट आवडली की ते तिच्याभोवती गोल बाण काढतात.

परतीच्या एस.टी.त मी गुरुजींना विचारलं, तुम्ही या भानगडीत पडायला तयार कसे झालात?

ते खिडकीबाहेर बघत होते. पेठ गाव मागं पडलं होतं. "मी आता रिटायर व्हनार," ते म्हणाले. त्यांचा जन्म एक जूनचा. आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या गुरुजींचा जन्म एक जूनचाच आहे. त्यांना शाळेत घालणाऱ्या मास्तरांनी तो ठरवलेला असतो. "मी गेल्यावर ह्ये चाललं पायजे. सायबांनी सांगितलं म्हनून न्हाई. आपसूक. ह्ये लोक म्हनत्यात, लिवून ऱ्हायलं की टिकतं. बघू."

एवढीच त्यांची इच्छा होती. इतकी साधी इच्छा पुरी करणं किती अवघड असतं, ते नंतर कळलं.

हिवाळ्यात पाहुण्या बाई आणि त्यांच्याबरोबरची माणसं संमेलन पाहायला येणार असं ठरलं. ही बातमी तालुक्याच्या मोठ्या साहेबांपर्यंत पोचली. साहेब माणूस वाईट नव्हता. समारंभ आवडणारा होता. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"परदेशी पाहुण्यांसमोर आपण फसलेला पाठ दाखवणार?" त्यांनी विचारलं.

"दावायचा न्हाई, सायेब. नुसता सांगायचा," गुरुजी म्हणाले.

"नुसतं सांगण्यात काय बघायचं? एवढ्या लांबून येतात ती माणसं. प्रात्यक्षिक ठेवा. मुलं असू द्या, फळा असू द्या. आणि फसायचाच असेल तर नीट फसू द्या. अर्धवट काही नको."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. उत्तर तिकडेच आहे असं मीही एकदा ऐकलं होतं.

प्रात्यक्षिक करायचं पेठच्या बाईंकडे आलं. पेठच्या म्हणजे पेठ गावात राहणाऱ्या. शाळा त्यांची आत डोंगरात, रोज जीपला लटकून जात. नोकरीला फार वर्षं झाली नव्हती, पण जीभ तिखट होती आणि गुरुजींवर त्यांचा इतका जीव होता की त्यांना त्या इतरांपेक्षा जास्त बोलत. "गुरुजी, त्या स्वेटरला आता तरी निवृत्ती द्या," वगैरे. गेल्या दिवाळीआधी त्यांचा अपूर्णांकाचा पाठ असा फसला होता: भाकरी मोडून दाखवून एक चतुर्थांश मोठा की एक द्वितीयांश, असं विचारल्यावर सगळा वर्ग एक चतुर्थांश म्हणाला. चार दोनाहून मोठे, म्हणून. त्या दिवशी बाई संमेलनात पट्टीवर बसून रडवेल्या झाल्या होत्या आणि गुरुजींनी शेंगदाण्याच्या दोन मुठी दिल्या होत्या. तोच पाठ आता पाहुण्यांपुढे पुन्हा फसवून दाखवायचा होता.

पुढची हकिगत मला फार नंतर समजली. बाईंनी आणि आणखी दोघातिघांनी मिळून तालमी घेतल्या. गुरुजींना न सांगता. गुरुजींची मान पाहुण्यांपुढे खाली जायला नको, एवढाच हेतू. पण दोनतीन तालमींत एक पंचाईत उभी राहिली. वर्गाला अपूर्णांक समजला. रोज तीच भाकरी मोडून, तोच प्रश्न विचारून दुसरं काय होणार? पोरं आता बरोबर उत्तर देऊ लागली आणि पाठ काही केल्या फसेना. तेव्हा बाईंनी मुलांना चुकायला शिकवलं. कोणी कधी चुकायचं, कोणी डोकं खाजवायचं, बाई गप्प झाल्या की कोणी कोणाकडे बघायचं. सविता नावाची एक बारकी मुलगी होती. ती सगळ्यांत ठसक्यात चुकायची, म्हणून मुख्य चूक तिच्याकडे दिली.

त्या दिवशी शाळेपुढे मंडप होता. रांगोळी होती, लेझीम होतं. मंडपावर साहेबांनी करवून घेतलेला कापडी फलक होता: 'फसलेला पाठ: भव्य सादरीकरण'. पाहुण्या बाईंनी मला तो वाचून दाखवायला सांगितला. भाषांतर करताना मी 'भव्य' गाळलं. काही गोष्टी देशाबाहेर जाऊ नयेत.

गुरुजी नेहमीप्रमाणे पोरांच्या ओळीत पट्टीवर बसले. मी त्यांच्या मागेच होतो. बाईंनी भाकरी मोडली, फळ्यावर दोन्ही अपूर्णांक लिहिले आणि विचारलं, मोठा कोणता? गुरुजींच्या शेजारचा मुलगा त्यांच्याकडे झुकला. वडीलधाऱ्या माणसाला काही चुकू नये, अशा काळजीनं तो कुजबुजला:

"गुरुजी, आता सविता चुकनार बगा. मग बाई गप ऱ्हानार."

सविता उभी राहिली. "एक चतुर्थांश, बाई! चार मोठं अस्त्यात!" ती इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाली की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई गप्प राहिल्या.

मला गुरुजींची पाठ तेवढी दिसत होती. ती जरा वाकली.

पाठ संपल्यावर बाई पट्टीवर येऊन बसल्या. रीतीप्रमाणे गुरुजींनी विचारलं, "पोरं काय करत व्हती?" आवाज नेहमीपेक्षा हळू होता. बाईंनी पाठ केल्यासारखं, म्हणजे पाठ केलेलंच, सुंदर उत्तर दिलं. साहेबांनी मान डोलावली. गुरुजींचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. शेंगदाणे मिळाले नाहीत. बाईंना ते कळलं, कारण त्यांनी खाली पाहिलं.

मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. पाहुण्या बाई उठल्या, पट्टीवर येऊन गुरुजींसमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, भाषांतर कर. तरुणपणी त्या एका खाणकामगारांच्या गावात शिकवायच्या. वर्गातला एक मुलगा महिनाभर बोलला नाही म्हणून त्यांनी त्याला हट्टी ठरवून मागच्या बाकावर बसवलं. तो बहिरा होत चालला होता. सगळ्यांत मागं.

"पोरं काय करत व्हती?" गुरुजींनी विचारलं.

मी भाषांतर केलं. बाई आठवू लागल्या. मग म्हणाल्या, "बाकीची मुलं त्याला खुणांनी सांगत होती. मी त्यांना ओरडायची, खुणा करू नका म्हणून."

गुरुजींनी त्यांच्या ओंजळीत मूठभर शेंगदाणे घातले. त्या दिवशी त्या मंडपात खरा फसलेला पाठ तेवढा एकच सांगितला गेला, आणि तो पाहुणीचा होता. निघताना पाहुण्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ती छोटी मुलगी चुकली तेव्हा एवढी आनंदात का होती? मला इंग्रजी येतं, असं मी वर म्हणालो. त्या वेळी मला ते आलं नाही.

संध्याकाळी लूना ढकलत, म्हणजे उताराला असूनही ढकलत, गुरुजी माझ्याबरोबर डांबरीपर्यंत आले. मला वाटलं बाईंवर रागावतील.

"अब्रू राखली राव माझी त्यांनी," ते म्हणाले. "आता ती घिऊन घरी बसतो."

पुढे जे व्हायचं ते झालं. जाळ्याला हा नमुना अतिशय आवडला. साहेबांना त्याहून आवडला. तालुक्यातल्या प्रत्येक केंद्रात दर महिन्याला एक फसलेला पाठ सादर व्हावा असं परिपत्रक निघालं आणि उत्कृष्ट फसलेल्या पाठाची स्पर्धा जाहीर झाली. फसण्यात एकदम सफाई आली. शिक्षक उद्दिष्ट, अडचण, उपाय आणि निष्कर्ष अशा क्रमानं फसू लागले. एकदा गुरुजींनी एका शिक्षकाला विचारलं, "पोरं काय करत व्हती?"

"मुलं चिंतनशील होती, सर," तो म्हणाला.

गुरुजींनी मागं वळून पाहिलं.

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारायचं सोडून दिलं. सल्ला द्यायचीही कुणाला गरज उरली नाही, कारण उपाय जो तो स्वतःच सांगून मोकळा व्हायचा. बाह्या दुमडून येणारे ते वयस्क मुख्याध्यापक बाह्यांची बटणं लावून बसू लागले. पेठच्या बाई संमेलनात शेवटच्या रांगेत बसत. गुरुजींशी तिखट बोलणं त्यांनी बंद केलं होतं, आणि गुरुजींना ते फार लागलं होतं असं मला वाटतं. एकदा ते मला म्हणाले, "प्राध्यापक, लिवलं की टिकतं म्हनं. टिकलं की. लोनच्यावानी."

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी त्यांचा निरोपसमारंभ झाला. तोच मंडपवाला, तेच लेझीम. गुरुजींना सोफ्यावर बसवलं होतं, गळ्यात झेंडूचा जाड हार, खांद्यावर शाल. शेळी कुठे दिसते का म्हणून मी इकडे तिकडे पाहिलं. नेमकी त्या दिवशी नव्हती. वक्त्यांनी त्यांना दीपस्तंभ म्हटलं, वटवृक्ष म्हटलं, एकानं तर शिवनेरी म्हटलं. साहेबांनी गुरुजींच्या काळात केंद्र तालुक्यात पहिलं आल्याचं सांगितलं. गुरुजी हातावर हात ठेवून बसले होते. इतका सज्जन दिसणारा माणूस मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता.

मग 'आदर्श केंद्रप्रमुख' या विषयावर बोलायला पेठच्या बाईंचं नाव पुकारलं.

बाई माइककडे गेल्या नाहीत. मंडपाच्या कडेला पोरांची पट्टी गुंडाळून ठेवली होती. ती त्यांनी व्यासपीठापुढे उलगडली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या.

"गुरुजी, तुमच्याविषयी मला नाही बोलता यायचं," त्या म्हणाल्या. "माझा पाठ फसलाय, तो सांगते."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"सवितानं परीक्षेत एक चतुर्थांश मोठा म्हणून लिहिलं. सगळ्या वर्गाला येतंय, तिला एकटीलाच नाही. मी म्हटलं, अगं, असं कसं? तर म्हणाली, 'बाई, तुमीच शिकिवलं नव्हं. पावण्यांनी टाळ्या वाजिवल्या.' तालमी चालल्या होत्या ना, तेव्हा बाकीच्यांना कळत गेलं. हिला कळायच्या आधीच मी हिच्याकडून चूक घोटून घेतली. आता मी काहीही सांगितलं तरी तिला वाटतं, मी तिची टाळ्यांची जागा काढून घेतेय. काल विचारत होती, 'बाई, पावनं परत कदी यायचं?'"

सोफ्यावर गुरुजी पुढे झुकले. त्यांनी तोंड उघडलं. पण प्रश्न मागून आला, त्या वयस्क मुख्याध्यापकांकडून:

"बाई, पोरं काय करत होती?"

गुरुजींनी तोंड मिटलं.

"पोरं मला खूश करत होती," बाई म्हणाल्या. "मी साहेबांना खूश करत होते. आणि आम्ही सगळे मिळून गुरुजींना."

मग साहेबांनाच राहवलं नाही. अस्वस्थपणे, पण अगदी मनापासून, ते म्हणाले, "अहो बाई, सोपं आहे. तुम्ही त्या मुलीला वेगळं बसवून पुन्हा पहिल्यापासून—"

"कपबश्या!" सगळा मंडप एका आवाजात ओरडला.

साहेब गोंधळून इकडे तिकडे पाहू लागले. त्यांना नियम माहीत होता, तो परिपत्रकात त्यांनीच घातला होता. तो आपल्याला लागू असेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं. गुरुजी सोफ्यावरून उठले, खाली आले आणि बाईंपुढे बसून त्यांनी अख्खा खिसा त्यांच्या ओंजळीत रिकामा केला.

"ह्यातलं अर्धं तुजं," ते म्हणाले. "अर्धं सविताला दे. आनि तिला ईचार, पाव दिलं असतं तर तुला जास्त आलं असतं का गं?"

बाई रडत होत्या. तरी त्यांच्या जिभेची धार परत आली.

"गुरुजी, हा सल्ला झाला."

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "झाला खरा," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. "चला सायेब. दोघं जाऊ."

मीही मागोमाग गेलो, कारण असं दृश्य पुन्हा दिसणार नव्हतं. हौदावर, सुरुवातीच्या चहाच्या कपबश्यांपुढे, दोघं शेजारी शेजारी उभे होते. साहेब विसळत होते. पुसायला फडकं सापडेना, म्हणून गुरुजींनी खांद्यावरची शाल घेतली. हार काढायचं ते विसरले होते. मंडपात दुसरं कुणीतरी पट्टीवर येऊन बसलं असावं, कारण एक अडखळता आवाज काही सांगत होता, आणि तो थांबल्यावर कुणीतरी विचारलं, पोरं काय करत होती? ते हौदापर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

साहेबांनी पुढची बशी पुढे केली. गुरुजींच्या हातातली पुसून केव्हाच कोरडी झाली होती, तरी ते तीच पुसत राहिले.